डोपामिन, हॅलोपेरिडॉल आणि पीबीएमसी : आकडे जुळत नाहीत

प्रश्न : वेलप्लेट_९६

निरोगी दात्यांच्या पीबीएमसी (रक्तातल्या एककेंद्रकी पांढऱ्या पेशी: लिम्फोसाइट, मोनोसाइट), प्लेटच्या दर वेलमागे (खळग्यामागे) २ लाख, आरपीएमआय या मीडियममध्ये १० टक्के सीरम. आधी ३० मिनिटं डोपामिन १०० मायक्रोमोलर, मग पेशींना चेतवायला एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला रेणू) १० नॅनोग्रॅम प्रति मिली, १८ तासांनी एलायझा (अँटिबॉडीने प्रथिन मोजायची चाचणी). डोपामिनने टीएनएफ (दाह वाढवणारं प्रथिन) जवळपास निम्मा होतो. डी२ हा डोपामिनचा रिसेप्टर अडवायला हॅलोपेरिडॉल (मनोविकारावरचं औषध) १० मायक्रोमोलर आधी घातलं, तर टीएनएफ परत वर यायला हवा. तो आणखी खाली जातो. नुसत्या हॅलोपेरिडॉलनेही खालीच. म्हणजे या पेशींवर डी२ नाहीच असं समजायचं का?

उत्तर : बर्फपेटी

डी२ राहू द्या बाजूला, आधी डोपामिन शिल्लक किती राहतं ते बघा. ३७ अंशांवर, साडेसातच्या आसपासच्या पीएचला ते हवेतल्या ऑक्सिजननेच खराब होतं. क्विनोन तयार होतात आणि सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड. १०० मायक्रोमोलरला तुम्ही बऱ्याच अंशी पेरॉक्साइडचाच प्रयोग करताय. फिनॉल रेडमुळे मीडियम मुळातच लालसर, त्यामुळे रंग बदललेला कळत नाही. तेवढंच डोपामिन साध्या पीबीएसमध्ये घालून इन्क्युबेटरमध्ये ठेवा. काही तासांत नारिंगी-तपकिरी झाक दिसेल.

स्टॉक त्याच दिवशी करा: डोपामिन हायड्रोक्लोराइड १.९ मिलिग्रॅम, १ मिली १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, म्हणजे १० मिलिमोलर. नळी फॉइलमध्ये गुंडाळून बर्फावर. १:१००० पातळ केलं की १० मायक्रोमोलर मिळतं, पीएच हलत नाही; तेच आम्ल कंट्रोललाही घाला. एका ओळीत कॅटालेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) टाका. त्याने परिणाम पुसला गेला तर तो रिसेप्टरचा नव्हताच. अॅस्कॉर्बेट (क जीवनसत्त्व) घालून सुटका होईल असं वाटतं, पण मीडियममध्ये लोह-तांब्याचा अंश असला की तेसुद्धा पेरॉक्साइड बनवतं. आणि टीएनएफसाठी १८ तास उशीर होतो, ४ ते ६ तासांवर बघा. आयएल-६ (दाहातलंच दुसरं प्रथिन) मोजायला १८ ठीक.

उत्तर : कॅम्प_मोजणी

वरच्याशी सहमत, पण खरी गडबड हॅलोपेरिडॉलच्या मात्रेत आहे. १० मायक्रोमोलर म्हणजे मिलीला सुमारे ३,७६० नॅनोग्रॅम. रुग्णाच्या प्लाझ्मात ते साधारण १ ते १० असतं, त्यातलंही ९० टक्क्यांहून जास्त प्रथिनांना चिकटलेलं. म्हणजे किमान पावणेचारशे पट. एवढ्या मात्रेत ते सिग्मा आणि अल्फा-१ रिसेप्टरही धरतं, शिवाय चरबीत विरघळणारा बेस असल्यामुळे लायसोसोममध्ये (पेशीतल्या आम्लयुक्त पिशव्यांत) साठतं. मीडियममध्ये डोपामिन घातलेलं नसताना ‘अँटॅगोनिस्ट’ (रिसेप्टर अडवणारं औषध) एकटाच टीएनएफ पाडतो, तेव्हा संशय औषधावर घ्यायचा. (काही इम्यून पेशी स्वतःही थोडं डोपामिन बनवतात, पण त्यावरून एवढी घट पटत नाही.)

१० ते १०० नॅनोमोलरवर या. जोडीला डी२ अडवणारं दुसरं औषध, एटिक्लोप्राइड किंवा सल्पिराइड, ठेवा. रचना वेगळी असूनही निकाल तोच आला तर विश्वास ठेवावा. डोपामिन १० नॅनोमोलर ते १० मायक्रोमोलर अशा पायऱ्यांनी द्या. वरच्या पायऱ्यांवर ते बीटा-२ अॅड्रेनर्जिक (अॅड्रेनॅलिनचा) रिसेप्टरही चालवतं. त्याने सायक्लिक एएमपी (पेशीच्या आतला संदेशवाहक रेणू) वाढतो आणि टीएनएफ घसरतो. डी१ आणि डी५ या डोपामिनच्या इतर रिसेप्टरांचाही परिणाम त्याच दिशेचा. म्हणून बीटा रिसेप्टर अडवणाऱ्या प्रोप्रानोलोल १ मायक्रोमोलरची ओळ हवीच. डी२ थेट बघायचा असेल तर तो सायक्लिक एएमपी *कमी* करतो. आधी फोर्स्कोलिनने (सायक्लिक एएमपी वाढवणाऱ्या रसायनाने) वाढवल्याशिवाय घट दिसणार कुठून?

वेलप्लेट_९६

स्टॉक पाण्यातला, उणे २० वर ठेवलेला, बराच जुना. कळलं. पण क्यूपीसीआरमध्ये (जीनचा आरएनए मोजायच्या चाचणीत) डी५ छान येतो, तेवढं तरी पक्कं ना?

उत्तर : बर्फपेटी

नाही. डी५च्या जीनच्या कोडिंग भागात इंट्रॉन (आरएनए बनताना कापला जाणारा तुकडा) नाही, त्यामुळे आरएनएत राहिलेला जीनोमिक डीएनए हुबेहूब तसाच बँड देतो. भरीला त्याचे दोन स्यूडोजीन (त्याच्यासारखेच पण निकामी जीन). डीनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) द्या आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएचा डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली नळी प्रत्येक नमुन्याला लावा. तिथेही सीटी (सिग्नल दिसायला लागलेल्या चक्रांचा आकडा) तेवढाच आला तर तो डी५ नव्हे. डी१चंही तेच. फ्लो सायटोमेट्रीसाठीच्या (पेशींवरचे रिसेप्टर अँटिबॉडीने मोजायच्या पद्धतीच्या) अँटिबॉडीवर विसंबू नका, या रिसेप्टरांच्या बऱ्याच अँटिबॉडी भलत्यालाच चिकटतात. आणि सगळ्या पीबीएमसी एकत्र मोजल्या तर एलपीएसला मुख्यतः मोनोसाइट उत्तर देतात, आरएनए मात्र बहुतांश टी पेशींचा येतो. मोनोसाइट सीडी१४ने (त्यांच्यावरच्या खुणेच्या प्रथिनाने) वेगळ्या करून मोजा.

उत्तर : कॅम्प_मोजणी

पुढे औषध चालू असलेल्या रुग्णांचं रक्त घेणार असाल तर दोन गोष्टी वहीत लिहून ठेवा. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन ही डी२ अडवणारी औषधं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढवतात, डी२ चालवणारं ब्रोमोक्रिप्टिन उतरवतं, आणि प्रोलॅक्टिन स्वतःच लिम्फोसाइटना चेतवतं. तेव्हा नमुन्यासोबत प्रोलॅक्टिन मोजा. क्लोझापिन (मनोविकारावरचं आणखी एक औषध) घेणारे वेगळ्या गटात ठेवा. त्याने न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) घसरू शकतात, पण ते डी२ अडवल्यामुळे नाही. औषधाचं ऑक्सिडेशन होऊन बनणाऱ्या क्रियाशील रेणूंचा त्यात हात असल्याचं मानलं जातं.