रविवारची मीटिंग आणि रोजे

सचिव: रविवारी संध्याकाळी ६:३० वाजता सोसायटीची मीटिंग. विषय: पाण्याची टाकी.

बी-२०४: साहेब, रमजान चालू आहे, नेमकी इफ्तारची, रोजा सोडायची वेळ आहे. सकाळी जमेल का?

सचिव: माफ करा भाभी, लक्षातच आलं नाही. सकाळी ११ पक्कं.

ए-१०१: भाभी, विचारू का? राग मानू नका. मुलगी म्हणते, तुमची लेक कॉलेजात दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही, तरी सगळ्यांत आनंदी तीच. मी संकष्टी करते, पण चंद्रोदयाची वाट बघत दिवस कसाबसा ढकलते.

बी-२०४: राग कसला ताई! पहिले तीन-चार दिवस चहावाचून डोकं दुखतंच. पण पहाटे सहरीला, म्हणजे रोज्याआधीच्या जेवणाला, आम्ही सगळे एका दस्तरखानावर असतो, तसं वर्षभरात एरवी होतच नाही. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत आहे, रोजेदाराला दोन आनंद मिळतात: एक रोजा सोडताना, एक रबला, अल्लाहला भेटताना. पहिला तर रोज संध्याकाळी खजूर तोंडात टाकला की कळतो.
सासूबाईंना मधुमेह आहे, डॉक्टरांनी मनाई केली तेव्हा त्या रडल्या होत्या. पण आजारी माणसाला, प्रवाशाला सूट कुराणातच दिलेली आहे. ज्याला पुढेही जमणार नाही, त्याने एका रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचं, त्याला फिदिया म्हणतात. आता त्या स्वतः तांदूळ निवडायला बसतात. म्हणतात, हाच माझा रोजा.

सी-३०३ आजी: आम्हा बेने इस्रायलांतही, म्हणजे इथल्या मराठी यहुद्यांत, जुनी माणसं उपासाला रोजाच म्हणायची गो. योम किप्पूर हा आमचा मोठ्या उपासाचा दिवस, त्याला आमचा शब्द दारफाळणीचा सण. दारं लावून घ्यायची, पंचवीस तास अन्न नाही, पाणी नाही. बायका पांढरी लुगडी नेसून सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनाघरात जायच्या.

ए-१०१: म्हणजे दुःखाचा दिवस ना आजी?

सी-३०३ आजी: नाही नाही! तिशा बआव हा दुसरा उपास दुःखाचा, तेव्हा यरुशलेमचं आमचं मंदिर पडलं. हा माफीचा. मिश्ना या आमच्या जुन्या धर्मग्रंथात याला इस्रायलच्या सर्वांत आनंदाच्या दिवसांत धरलंय. सकाळी यशाया संदेष्ट्याचा भाग वाचतात: नुसतं डोकं वाकवून उपास होत नाही, भुकेल्याला आपली भाकर वाटून दे. आणि जीवाला धोका असेल तर खाणंच धर्म.
संध्याकाळी शोफार, मेंढ्याच्या शिंगाचा कर्णा, फुंकतात ना, तेव्हा भूक आठवतसुद्धा नाही, अंग हलकं झालेलं असतं.

बी-२०४: आजी, आमचा आशुराचा, मोहरमच्या दहाव्या दिवसाचा रोजाही मुसा पैगंबरांच्या आठवणीचा. मदिनेत यहुदी तो धरत होते, ते पाहून आमच्या पैगंबरांनीही धरला.

सी-३०३ आजी: तुमचा मुसा तोच आमचा मोशे, आम्हा दोघांचा गो. पण एक मात्र कडक आहे. देवाशी केलेली चूक त्या दिवशी माफ होते, शेजाऱ्याशी केलेली होत नाही. त्याच्याच दारी जाऊन त्याची समजूत काढावी लागते. मागच्या मीटिंगला टाकीवरून मी डी-२०२ ला फार तोडून बोलले. सणाला अजून महिने आहेत, पण आजच विचारते. बाबा, माफ करशील?

डी-२०२: आजी, तुम्ही जिने चढू नका. मीच येतो तुमच्याकडे.