मार्थेला झोडपणं आता पुरे

शेवटचा बाक

परवा इथे 'मोहरीचा दाणा' यांनी 'मार्थेकडून गृहिणींनी घ्यायचे सात धडे' टाकले. (बायबलमधली गोष्ट अशी: प्रभू येशू मार्था आणि मरीया या बहिणींच्या घरी येतो. मार्था पाहुणचारात गुंतते, मरीया ऐकत बसते. मार्था तक्रार करते, तर प्रभू म्हणतो, मरीयेनं चांगला वाटा निवडलाय.) ते धडे ज्यांच्या नजरेतून सुटले त्यांच्यासाठी थोडक्यात: स्वयंपाकघरात शिरण्याआधी वचन वाचा, पाहुण्यांना साधंच जेवण करा, कामाची कुरकुर म्हणजे अविश्वास, घरातल्यांची तुलना करू नका, आणि असंच पुढे. सातवा धडा: 'आजच्या मार्थेला मालिका आणि मोबाइलपासून सोडवा.' खाली आमेनची रांग. बहुतेक आमेन पुरुषांचे.

मी ती गोष्ट, म्हणजे लूकच्या शुभवर्तमानाचा 10 वा अध्याय, पुन्हा वाचला. 'गृहिणींसाठी' असं त्यात कुठे आहे, ते दाखवा. मरीया प्रभूच्या चरणांजवळ बसून ऐकत होती. पौल गमलिएल या गुरूच्या चरणांजवळ शिकला असं प्रेषितांच्या कृत्यांत येतं, तेव्हा आपण त्याला विद्यार्थी म्हणतो. मरीया बसली की ती 'शांत स्वभावाची बहीण' होते! ज्या जागी पुरुष शिष्य बसायचे तिथे एक बाई बसली आणि प्रभूने तिला उठवलं नाही, ही त्या पाच वचनांतली मोठी गोष्ट. ती सोडून तुम्हाला मालिका सापडल्या.

शिवाय त्याच्या बरोब्बर आधी काय आहे? चांगल्या शोमरोन्याची गोष्ट, वाटेत जखमी पडलेल्या माणसाला मदत करणाऱ्या परक्याची. तिथे प्रभू शास्त्र्याला म्हणतो, जा आणि तसंच कर. म्हणजे शास्त्र पाठ असलेल्याला सांगितलं 'कर', आणि करत राहिलेलीला सांगितलं 'ऐक'. दोन माणसं, दोन औषधं. तुम्ही दुसरं औषध सगळ्या बायकांना वाटत सुटलात आणि पहिलं स्वतः घेतलं नाहीत.

आता खरं दुखणं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एका वर्षी कन्व्हेन्शन होतं, उपदेशाच्या सभा. मागच्या शेडमध्ये आम्ही बायका प्रीतिभोजनाचे, म्हणजे सगळ्या मंडळीच्या जेवणाचे, कांदे चिरतोय आणि लाउडस्पीकरवर पाहुणे उपदेशक गरजतायत, 'बहिणींनो, मार्था होऊ नका!' माझ्या शेजारची मावशी म्हणाली, 'मग मी उठू का? रस्सा कोण बघणार?' उपदेशकसाहेबांनी नंतर मटण दोनदा मागून घेतलं. मार्थेच्याच हातचं.

मोहरीचा दाणा

ताई, सलाम. माझ्या पोस्टचा एवढा राग आला याचं वाईट वाटलं, पण माघार घेणार नाही. 2 तीमथ्य 3:16 काय म्हणतं? सगळा शास्त्रलेख सद्बोध, सुधारणूक, नीतिशिक्षण यासाठी उपयोगी आहे. 'सगळा' म्हणजे लूक 10 सुद्धा. उतारा वाचून सोमवारी सकाळी काय करायचं ते सांगितलं नाही, तर ऐकणारा रिकाम्या हातानं घरी जातो.

माझी आई दवाखान्यात झाडू-पोछा करायची. वडील लवकर गेले. फिलिप्पै 4:6, 'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका', या एका ओळीवर तिनं आम्हा भावंडांना वाढवलं. तिला कुणी मागचापुढचा संदर्भ दिला नव्हता. तुमच्या हिशेबानं तिचं वाचन चुकीचं? शिकलेल्या लोकांनी शास्त्र इतकं अवघड करून ठेवलंय की साध्या माणसाला उघडायची भीती वाटते.

शेवटचा बाक

तुमच्या आईबद्दल एक अक्षर वावगं बोलणार नाही. पण ते पत्र पौलानं बंदिवासातून लिहिलं हे कुणी त्यांना सांगितलं असतं, तर ते वचन त्यांना जास्तच जवळचं वाटलं असतं. संदर्भानं वचन अवघड होत नाही. आणि त्यांनी ती ओळ स्वतःला लावली, शेजारणीला नाही. तुम्ही दुसऱ्यांच्या बायकांना सात धडे लावलेत.

वसईवाला

मध्येच बोलतो, माफ करा. आमच्याकडे, कॅथलिकांत, मार्थेचा सण 29 जुलैला. 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो मार्था, मरीया आणि त्यांचा भाऊ लाजर या तिघांचा केला. म्हणजे एकीला उचलून दुसरीला आपटायचं नाही, अख्खं घर घ्यायचं. मध्ययुगात माइस्टर एकहार्ट नावाचे एक जर्मन साधू, डॉमिनिकन संघाचे, होऊन गेले, त्यांनी तर प्रवचनात मार्थेलाच पुढची पायरी दिली: मरीया अजून शिकतेय, मार्था काम करता करता देवात राहू शकते. तुम्हा प्रोटेस्टंटांना संत नकोत, म्हणून तुमच्याकडे ती बिचारी कायम कांदे चिरत राहते.

मोहरीचा दाणा

पंथावर जाऊ नका. जर्मन साधूनं काय म्हटलं त्यापेक्षा प्रभूनं काय म्हटलं ते महत्त्वाचं. 'चांगला वाटा' मरीयेनं निवडला. पूर्णविराम.

वसईवाला

पूर्णविराम लूक लावतो, योहान नाही. योहान 11 उघडा. लाजर मेल्यावर प्रभू येतोय हे कळताच उठून रस्त्यात गेली ती मार्था. मरीया घरातच बसून राहिली. आणि 'तू ख्रिस्त, देवाचा पुत्र' ही कबुली? शिष्य पेत्रानं दिली म्हणून आपण त्याच्या नावानं डोंगराएवढी चर्चं बांधली. तीच कबुली मार्थेनं दिली, भाऊ मेल्याच्या चौथ्या दिवशी. त्यावर धडे कुठे आहेत? पुढच्याच अध्यायात पुन्हा जेवण, पुन्हा वाढायला मार्थाच. या वेळी तिला कुणी काही बोलत नाही. कुरकुर केली ती यहूदानं, पुढे प्रभूला धरून देणाऱ्या.

मूळची मिरजेची

मला मार्थेपेक्षा या धडे काढायच्या सवयीवर बोलायचंय. 31 डिसेंबरच्या रात्री उपासनेत चिठ्ठी काढून वर्षाचं वचन घेतात ना, एका वर्षी मला यिर्मया 29:11 आलं. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. फ्रेम करून दारावर लावलं. त्याच वर्षी नवऱ्याची कंपनी बंद पडली. सासूबाई म्हणाल्या, तुमचा विश्वास कमी पडला. काय उत्तर देणार? वचन तर दारावरच टांगलेलं.

खूप उशिरा आधीचं वचन वाचलं. सत्तर वर्षं! बाबेलात (बॅबिलोनला) धरून नेलेल्या यहूदी लोकांना यिर्मया संदेष्ट्यानं पाठवलेलं पत्र आहे ते. ज्यांनी ते वाचलं त्यांतले कितीतरी तिथेच मेले असणार. आणि त्याच पत्रात वर लिहिलंय: घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात नेलंय त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. हे कुणी चिठ्ठीवर छापत नाही. ते वाचून आम्ही परत गावी जायचा नाद सोडला आणि पुण्यातच मुलांच्या शाळा पक्क्या केल्या. तोही धडाच होता. फक्त पूर्ण पत्रातून आला.

मोहरीचा दाणा

बघा, तुम्हीसुद्धा धडाच घेतलात. मग माझ्याशी भांडण कशाचं?

मूळची मिरजेची

तुम्ही एक ओळ वाचून धडा काढता आणि तो दुसऱ्याच्या दारावर लावता, याचं.

माजी खजिनदार

सगळं वाचलं. कांद्याचा प्रश्न साधा आहे, उगाच शास्त्रात शिरलात. आचारी लावा. आता विचाराल पैसे कुठून. हार्वेस्टच्या, म्हणजे कापणीच्या सणाला लोक आणतात त्या वस्तूंच्या, लिलावातून. आमच्या वेळी कापणीच्या सणाला चर्चमध्ये पाऊल ठेवायला जागा नसायची. ज्वारी, बाजरी, भोपळे, कोंबड्या, अंडी. अलीकडे लोक एक केक आणतात, फोटो काढतात आणि जातात.

शेवटचा बाक

लिलावाचं नाव काढलंत तर ऐका. मागच्या हार्वेस्टला एका आजींनी मेथीच्या दोन जुड्या आणल्या. स्वतःच्या वाफ्यातल्या. लिलाव पुकारणारा भाऊ माइकवर म्हणतो, 'ही तर मंडईत दहाला मिळते, कोण घेणार?' लोक हसले. त्यानंतर एका साहेबांनी नारळ तीन हजाराला घेतला, टाळ्या, पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) नाव घेऊन आशीर्वाद दिला. आजी मागच्या दारानं निघून गेल्या. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, मत्तय 6, हे त्या दिवशी सुट्टीवर होतं का?

माजी खजिनदार

हसले ते चुकलं, मान्य. पण एका माणसाच्या वाचाळपणावरून लिलावाला नावं ठेवू नका. लिलाव का सुरू झाला माहीत आहे? आमच्या आजोबांच्या काळी खेड्यातल्या मंडळीकडे रोख पैसा नव्हता. मजुरी धान्यात मिळायची, देणगीही धान्यात. त्याचे पैसे केल्याशिवाय पाळकाला पगार कुठून देणार? म्हणून लिलाव. 1972 च्या दुष्काळात तर हार्वेस्टला आलेलं धान्य लिलावात न काढता ज्यांच्या घरी चूल नव्हती त्यांना वाटलेलं मी स्वतः पाहिलंय. चर्चचे पत्रे, बाक, तुम्ही बसता तो शेवटचा बाकसुद्धा, लिलावाच्या पैशातून आलाय.

मूळची मिरजेची

काका, 72 साली वाटलं ते आवडलं. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 14 व्या अध्यायात तिसऱ्या वर्षीचा दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, लेवी (मंदिरसेवक), उपरी, अनाथ, विधवा यांना खाऊ घालायचा असतो. आता तसं वाटतात का?

माजी खजिनदार

आता बजेट असतं.

मोहरीचा दाणा

मेथीच्या आजींबद्दल वाचून वाईट वाटलं. त्यांच्यासाठीच मार्क 12 आहे. गरीब विधवेनं मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, टाकल्या, आणि प्रभू म्हणाला तिनं सर्वांपेक्षा अधिक टाकलं. धडा स्पष्ट आहे: आपल्या कमतरतेतून द्या. नारळवाल्यानं नाही, आजींनी जास्त दिलं.

शेवटचा बाक

अर्धं बरोबर. आता त्याच्या आधीचं वचन वाचा, 12:40. शास्त्री विधवांची घरं गिळतात. लगेच पुढे एक विधवा आपली सगळी उपजीविका दानपेटीत टाकते. आणि 13 व्या अध्यायाच्या सुरुवातीला प्रभू त्याच मंदिराबद्दल म्हणतो, चिऱ्यावर चिरा राहणार नाही. तिचं कौतुक आहेच. पण प्रभू तिथे बसून फक्त कौतुक करत होता, की तिच्या हातून ती दोन नाणी काढून घेणाऱ्या व्यवस्थेकडे बोट दाखवत होता? 'तुम्हीही तसंच करा' असं तिथे म्हटलेलं नाही. शोमरोन्याच्या गोष्टीत म्हटलंय.

माजी खजिनदार

म्हणजे देऊच नका, असंच ना? मग दिव्याचं बिल कोण भरणार? इथे बसून उपदेश करणं सोपं आहे. मी खजिनदार असताना दर महिन्याला घरोघर पावती पुस्तक घेऊन फिरायचो. चारचाकी दारात उभी असलेले म्हणायचे, 'काका, पुढच्या महिन्यात.' मलाखी 3 वाचा. देवाला ठकवता म्हणून लिहिलंय!

वसईवाला

मलाखी 2 पण वाचा. 'याजकहो, ही आज्ञा तुम्हाला आहे.' पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात याजकांना, म्हणजे पुरोहितांना, झोडलंय, लंगडी जनावरं वेदीवर आणता म्हणून. ते वचन पावती पुस्तकावर छापलेलं मी तरी पाहिलं नाही.

माजी खजिनदार

तुम्ही कॅथलिक, आमच्या मंडळीच्या हिशेबात नाक खुपसू नका.

वसईवाला

बरं. मी माझं नाक घेऊन योहान 12 मध्ये परत जातो. तिथेही पैशांची पेटी सांभाळणाराच सगळ्यात जास्त बोलत होता.

माजी खजिनदार

हे अति झालं. आयुष्यभर एका रुपयाचा घोळ केला नाही. यहूदा म्हणवून घ्यायला आलो नाही इथे.

मूळची मिरजेची

वसईवाले भाऊ, हे नको होतं. काकांनी 72 चं सांगितलं ते इथल्या सगळ्या वचनांपेक्षा मला लक्षात राहील.

वसईवाला

ठीक आहे, शब्द मागे. काका, तुम्हाला नव्हतं. फार तर थोडंसं.

मोहरीचा दाणा

विषय कुठून कुठे गेला. ताई, पंडिता रमाबाईंकडे बघा. केडगावला दुष्काळातल्या मुली आणल्या, शेकडोंचं अन्नवस्त्र बघितलं, आणि सोबत वचन आणि प्रार्थना. त्यांनी मार्थेची बाजू घेऊन भांडण नाही केलं.

शेवटचा बाक

रमाबाईंचं नाव तुम्ही घेतलंत ते बरंच झालं. त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या, अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात त्याचे छपाईचे खिळे जुळवले ते तिथल्या बायकांनी. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, 1924 मध्ये ते बाहेर आलं. ज्या मुलींना दुष्काळानं रस्त्यावर टाकलं होतं त्यांच्या हातात त्यांनी शास्त्राची अक्षरं दिली. स्वयंपाक झाल्यावर वेळ उरला तर वचन वाचा, असं नाही सांगितलं. आता तुमच्या सात धड्यांत एक तरी धडा असा दाखवा की बाईला उपदेशमंचावर उभी करा, किंवा बायबल क्लास तिला घेऊ द्या.

मोहरीचा दाणा

आमच्या बायबल क्लासमध्ये बहिणी साक्ष देतात, आपल्या विश्वासाचे अनुभव सांगतात.

शेवटचा बाक

साक्ष देतात. आणि चहा करतात.

मूळची मिरजेची

प्रेषित 6 कुणाला आठवतंय का? वाढपात विधवांची हेळसांड होते अशी तक्रार आली. त्याला तेव्हा अविश्वास म्हटलं नाही कुणी. त्या कामाला सात जण नेमले आणि सातही पुरुष. आत्म्यानं पूर्ण असलेले पुरुष, पंगतीची सेवा करायला! त्यांतला स्तेफन पुढे केवढं भाषण करतो, फिलिप्प शोमरोनात जाऊन सुवार्ता सांगतो. वाढप केलं म्हणून कुणाचं वचन कमी झालं नाही.

मोहरीचा दाणा

बरं बाई. आठवा धडा लिहितो: कन्व्हेन्शनला कांदे पुरुषांनी चिरावेत, संदर्भ प्रेषित 6:3. झालं समाधान?

शेवटचा बाक

संदर्भ चोख आहे. शीर्षकातलं 'गृहिणींनी' तेवढं काढा.

मोहरीचा दाणा

काढलं. आता आमेन कमी होतील.

माजी खजिनदार

पुरुषांचे कांदे मी पंचकमिटीत मांडतो, हसतील. पण माझा मुद्दा राहिलाच. माइकवर बोली लावून टाळ्या घेतात आणि वर्ष उलटलं तरी पैसे देत नाहीत, त्यांची यादी बोर्डावर लावायची की नाही? नारळवाल्या साहेबांचे सुद्धा अजून यायचेत.

शेवटचा बाक

काय? ते तीन हजार आलेच नाहीत? काका, तुम्ही आमच्याच मंडळीतले दिसता.

माजी खजिनदार

मी मंडळीचं नाव घेतलेलं नाही. मेथीचे मात्र त्याच दिवशी जमा आहेत. वीस रुपये. पावती माझ्या नावावर आहे.

दुबईकर

सगळ्यांना जय ख्रिस्त. गेल्या हार्वेस्टला व्हिडिओ कॉलवर कोंबडा मी घेतला होता. पैसे चुलतभावाकडे पाठवलेत. यादीत माझं नाव टाकू नका.

माजी खजिनदार

चुलतभावानं दिलेले नाहीत. कोंबडा नेला.