क्वार्कचे फ्लेवर, मेसॉनचा क्षय आणि आपण किनाऱ्यावरची माणसं: अनुभव लिहा

मराठीत कणभौतिकीवर जे वाचायला मिळतं त्यात हिग्ज असतो, कृष्णविवरं असतात, विश्वाचा जन्म असतो. केऑन कसा मोडतो, बी मेसॉन कशाकशात मोडतो, यावर फारसं कोणी लिहीत नाही. मला हा भाग सगळ्यात जवळचा वाटतो. क्वार्क म्हणजे प्रोटॉनच्याही आतले मूलभूत कण, ते सहा प्रकारचे; या प्रकारांनाच फ्लेवर म्हणतात. मेसॉन म्हणजे एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क यांची जोडी; पायॉन, केऑन, बी हे सगळे मेसॉनच. त्यातला एक प्रकार बदलून दुसरा करणं फक्त दुर्बल बलाला जमतं. कोण कशात किती प्रमाणात बदलेल हे ठरतं चार संख्यांवरून: तीन कोन आणि एक फेज. या चार संख्या कुठल्याही सिद्धांतातून निघत नाहीत, त्या मोजाव्याच लागतात. मोजायच्या कशा, तर मेसॉन मोडताना बघून.

मी रत्नागिरीत बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवतो. पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या आपल्या माणसांचा या विषयाशी कुठे ना कुठे संबंध आलेला असतो, हे मला विद्यार्थ्यांमुळे कळत गेलं. म्हणून हा धागा. शिकलात, शिकवलंत, मोजलंत, नुसतं वाचून झोप उडाली, काहीही चालेल. बातमीतलं मात्र नको, स्वतःचं लिहा. सुरुवात मी करतो.

मला या विषयात ओढलं ते पायॉनच्या एका साध्या गणिताने. विद्युतभारित पायॉनचं वस्तुमान साधारण १४० एमईव्ही (कणांचं वस्तुमान आणि ऊर्जा मोजायचं एकक). तो म्यूऑन (इलेक्ट्रॉनचाच जड भाऊ) आणि न्यूट्रिनोत (जवळजवळ वस्तुमान नसलेला कण) मोडू शकतो, तसाच इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनोतही. म्यूऑन १०६ एमईव्हीचा, इलेक्ट्रॉन अर्ध्या एमईव्हीचा. हलक्या कणाकडे जायला ऊर्जा भरपूर उरते, म्हणजे इलेक्ट्रॉनच जास्त निघायला हवेत. प्रत्यक्षात दहा हजारांत जेमतेम सव्वा पायॉन इलेक्ट्रॉनकडे जातो. का? पायॉनची फिरकी शून्य, म्हणून बाहेर पडणाऱ्या दोघांच्या फिरक्यांनी एकमेकींना रद्द करावं लागतं. ऋण पायॉनमधून निघणारा प्रतिन्यूट्रिनो नेहमी उजवा, म्हणजे फिरकी चालीच्या दिशेनेच असलेला, त्यामुळे सोबतच्या कणालाही उजवं व्हावं लागतं. दुर्बल बल तर कणाच्या डाव्या रूपालाच हात लावतं. कणाला वस्तुमान असेल तेवढ्याच प्रमाणात ही तडजोड शक्य होते, आणि इलेक्ट्रॉनला ते जवळजवळ नाहीच. दोन वस्तुमानांच्या गुणोत्तराचा वर्ग घ्या, उरलेल्या ऊर्जेमुळे येणाऱ्या साडेपाचने गुणा, दहा हजारांत १.२८ येतं. विद्युतचुंबकीय दुरुस्ती धरली की १.२३. मोजलेला आकडाही तोच.

दुर्बल बलाचं हे डावखुरं रूप १९५७ मध्ये सुदर्शन आणि मार्शक यांनी मांडलं, तेव्हा काही प्रयोग त्यांच्या विरोधात होते. पायॉन इलेक्ट्रॉनकडे जातो हे तर सापडतच नव्हतं. ते १९५८ मध्ये जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत दिसलं. सुदर्शन अमेरिकेला जाण्याआधी मुंबईत टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) होते. हे गणित मी दर वर्षी फळ्यावर करतो. साडेपाचने गुणल्यावर वर्गात जी कुजबुज सुरू होते, तिच्यासाठी करतो.

देवगड तालुक्यातून, माध्यमिक शाळेतली शिक्षिका

सर, तुमचा म्यूऑन आम्ही पाहिलाय.

आमच्या शाळेत आम्ही क्लाउड चेंबर केला. काचेची पेटी, वर फेल्टची पट्टी, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल, खाली काळा कागद लावलेला पत्रा आणि त्याखाली ड्राय आइस. ड्राय आइस इथे मिळत नाही. बंदरावर बर्फाला तोटा नाही, पण तो साधा बर्फ. शेवटी मुंबईहून रात्रीच्या गाडीने थर्माकोलच्या खोक्यातून आणवला. वर्गाच्या खिडक्यांना चादरी लावल्या, बाजूने टॉर्च धरला. बराच वेळ नुसतं धुकं दिसत होतं. मग एक बारीक सरळ रेघ उमटली आणि विरली. मग आणखी एक. काही रेघा जाड नि आखूड होत्या, त्या हवेतल्या रेडॉनमधून निघणाऱ्या अल्फा कणांच्या. लांब सरळ होत्या त्यांतल्या पुष्कळ म्यूऑनच्या.

सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, हा वरून येतो तर वर कोण सोडतं त्याला?" पाठ्यपुस्तकात उत्तर नव्हतं. अवकाशातून येणारे प्रोटॉन हवेवर आदळतात, त्यातून पायॉन होतात, आणि पायॉन मोडून म्यूऑन. हे सगळं पंधरा-एक किलोमीटर उंचीवर घडतं. म्यूऑनचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, प्रकाशाच्या वेगाने धावला तरी तेवढ्यात साडेसहाशे मीटरच जाईल. तरी तो आमच्या बाकापर्यंत येतो, कारण इतक्या वेगात त्याचा वेळ आपल्या हिशेबाने संथ जातो. समुद्रसपाटीला तळहाताएवढ्या जागेतून सेकंदाला एक-दोन म्यूऑन जातात. मुलांनी हात पुढे धरून मोठ्याने मोजायला सुरुवात केली. त्या दिवशी मधल्या सुट्टीत कोणी बाहेर गेलं नाही.

मूळ मालवण, सध्या सिद्धांतात पीएच.डी.

माझं काम बी मेसॉनच्या क्षयांवर. रोज प्रत्यक्षात काय करते ते लिहिते, कारण घरी कोणाला ते नीट माहीत नाही.

बी मेसॉनमधला बॉटम क्वार्क मोडतो, त्याचं गणित तसं स्वच्छ असतं. पण क्वार्क एकटा कधी सापडत नाही, भोवती ग्लुऑन (क्वार्कना बांधून ठेवणारे कण) आणि दुसऱ्या क्वार्कचा गुंता असतो. तो गुंता फॉर्म फॅक्टर नावाच्या फलनांत गोळा करतात, आणि ती फलनं लॅटिसवर, म्हणजे अवकाश-काळाची जाळी मांडून, महासंगणकाने काढावी लागतात. मी ते आकडे घेते, प्रयोगातले घेते आणि मधला सांधा जुळवते. सांधा नेहमी जुळतोच असं नाही. बॉटमचा चार्म होण्याचं प्रमाण सांगणारी संख्या आहे. एकेक ठरावीक क्षय मोजून ती काढली तर ०.०३९च्या आसपास येते, सगळे मिळून मोजले तर ०.०४२. वर्षानुवर्षं हा फरक मिटलेला नाही. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण त्याच्यावरच आहे.

गणपतीत घरी गेले की आजोबा विचारतात. एकदा म्हणाले, "ता दिसना नाय म्हणतंस, मगे मोजतत कशा?" मी त्यांना केऑनची गोष्ट सांगितली. उदासीन केऑन दोन म्यूऑनमध्ये मोडायला हवा होता, पण तो तसा जवळजवळ मोडतच नाही. अब्जात सात. इतकं कमी का? १९७० मध्ये ग्लॅशो, इलिओपोलस आणि मैयानी म्हणाले, अजून एक क्वार्क असला पाहिजे, जो पहिल्याचा परिणाम पुसून टाकतो. तेव्हा तीनच क्वार्क माहीत होते. चौथा, चार्म, १९७४ मध्ये सापडला. तसंच १९८७ मध्ये जर्मनीतल्या आर्गस प्रयोगाने बी मेसॉन आणि त्याचा प्रतिकण एकमेकांत फार लवकर बदलतात हे दाखवलं, आणि टॉप क्वार्क वाटला होता त्यापेक्षा खूप जड असणार हे कळलं. टॉप स्वतः हाती लागला १९९५ मध्ये. हलका कण मोडताना जड कणाची खूण मागे ठेवतो, तो जड कण तिथे तयार होण्याइतकी ऊर्जा नसली तरी. आजोबांना हे पटलं. खाडीत खडक कुठे आहे ते पाणी कुठे वळतंय त्यावरून त्यांनी आयुष्यभर ओळखलंय.

आता मनाला लागलेलं लिहिते. मार्च २०२१ मध्ये सर्नच्या एलएचसीबी प्रयोगाने जाहीर केलं की बी मेसॉन केऑन आणि इलेक्ट्रॉनच्या जोडीत जितका मोडतो, तितका म्यूऑनच्या जोडीत मोडत नाही. गुणोत्तर एक हवं, आलं ०.८४६, फरक ३.१ सिग्माचा (सिग्मा म्हणजे मोजमापातल्या अनिश्चिततेचं माप). आमच्या गटात कोणी नीट झोपत नव्हतं. लेप्टोक्वार्क, नवे बोसॉन अशा न सापडलेल्या कणांपैकी कशाने हे साधेल याची गणितं चालली होती. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच गटाने सुधारित विश्लेषण दिलं: इलेक्ट्रॉन म्हणून मोजलेल्यांत काही दुसरेच कण मिसळले होते. गुणोत्तर एकाशी जुळलं. त्या संध्याकाळी मी चौपाटीवर बराच वेळ बसले. वाईट वाटलं, आणि ज्यांनी स्वतःच्याच निकालाची इतकी कठोर तपासणी केली त्यांच्याबद्दल आदरही वाटला. टाऊ (म्यूऑनहूनही जड भाऊ) असलेल्या क्षयांतला फरक, जो २०१२ मध्ये अमेरिकेतल्या बाबार प्रयोगाने दाखवला, अजून तीनेक सिग्मावर उभा आहे. मी सध्या तिथे आहे.

सावंतवाडी

मी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. थोडक्यात लिहितो. मेसॉन आपलाच प्रतिकण होतो आणि परत मेसॉन होतो, हे ऐकून मुलं गोंधळतात. मी त्यांना सांगतो, एकाच तुळईला दोन झोपाळे टांगलेत असं धरा. एकाला झोका द्या. थोड्या वेळाने तो थांबतो आणि दुसरा हलायला लागतो, मग उलट. तुळई थोडी लवते म्हणून झोका इकडून तिकडे जातो. स्ट्रेंज क्वार्क असलेला बी मेसॉन ही अदलाबदल सेकंदाला जवळपास तीन लाख कोटी वेळा करतो. २००६ मध्ये अमेरिकेतल्या फर्मीलॅबला सीडीएफ प्रयोगाने ती मोजली.

दापोली, हर्णै रस्त्यावरून

मी बेल-२ प्रयोगावर काम केलं आहे. जपानमध्ये त्सुकुबाला केईके प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन ७ जीईव्हीचे (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही) आणि पॉझिट्रॉन ४ जीईव्हीचे सोडून आदळवतात. दोन्ही बाजूंची ऊर्जा मुद्दाम असमान ठेवलेली. त्यामुळे तयार झालेली बी मेसॉनची जोडी एका दिशेने पुढे सरकते, आणि दोघांच्या मोडण्यातलं अंतर मिलिमीटरच्या आठव्या भागाइतकं पडतं. त्या अंतरावरून वेळ काढायचा. बीचं आयुष्य दीड पिकोसेकंद, इतकं लहान मोजणारं घड्याळ नाही, पण अंतर मोजता येतं. ते टिपणाऱ्या सिलिकॉन डिटेक्टरच्या चौथ्या थराची जबाबदारी टीआयएफआरकडे होती. हे मला कुठेही सांगायला आवडतं.

२०२० मध्ये लॉकडाऊनला मी गावी होते. शिफ्ट घरून करता येत होत्या. माडीवर नेटवर्क येई तिथे टेबल लावलं होतं. जपान आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणजे तिथली सकाळची पाळी आमच्या पहाटेची. बाबा चहा आणून ठेवायचे आणि पडद्यावरचे आलेख बघत उभे राहायचे.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. कौलं गेली, माड आडवे झाले, नारळी-पोफळीच्या बागा डोळ्यांदेखत गेल्या. वीज पुढे कित्येक दिवस नव्हती, फोनही लागत नव्हते. माझ्या पाळ्या दुसऱ्या देशातल्या सहकाऱ्यांनी न विचारता वाटून घेतल्या होत्या. हे मला नंतर, मंडणगडच्या बाजूला जाऊन सिग्नल मिळाल्यावर कळलं. तिथेच आणखी एक निरोप वाचला: १५ जूनला सुपरकेईकेबीने, म्हणजे बेल-२ ज्यावर आहे त्या यंत्राने, टकरींच्या तीव्रतेचा जागतिक विक्रम केला होता. मी रस्त्याच्या कडेला पडलेल्या फणसाच्या खोडावर बसून तो पुन्हा पुन्हा वाचला. घरी येऊन बाबांना सांगितलं. ते कौलं शाकारत होते. म्हणाले, "यंत्र चालू राहिलं ना? झालं तर."

वेंगुर्ला, बँकेतून निवृत्त

भौतिकशास्त्र शिकलेलो नाही. एका व्याख्यानात ऐकलं की १९६४ मध्ये क्रोनिन आणि फिच यांना हजारात दोन केऑन "चुकीच्या" पद्धतीने मोडताना दिसले, आणि त्यातून द्रव्य नि प्रतिद्रव्य पूर्ण सारखं वागत नाही हे सिद्ध झालं. पुढे १९७३ मध्ये कोबायाशी आणि मास्कावा यांनी दाखवलं की क्वार्कच्या तीन जोड्या असल्या तर हे आपोआप येतं. तेव्हा दोन जोड्याही पुऱ्या सापडलेल्या नव्हत्या! मी घरी येऊन बायकोला उठवून सांगितलं. तिने विचारलं, मग आपण सगळे त्या हजारातल्या दोनांमुळे आहोत का? सर, याचं उत्तर द्या.

(धागाकर्ता: काका, वहिनींना सांगा, प्रश्न अगदी वर्मावरचा आहे. उत्तर "पुरेसं नाही" असं आहे. क्वार्कमधला हा फरक खरा आहे, २००१ मध्ये बाबार आणि बेलने तो बी मेसॉनमध्येही दाखवला. पण विश्वात द्रव्य उरलं त्यासाठी तो अनेक पटींनी अपुरा पडतो. दुसरा स्रोत कुठेतरी असलाच पाहिजे. म्हणूनच वर मालवणच्या ताई नि दापोलीच्या ताई ज्या मागे लागल्या आहेत ते महत्त्वाचं.)

चिपळूण, एम.एस्सी. दुसरं वर्ष

मी कुठल्याच मोठ्या संस्थेत गेलेलो नाही, पण बी मेसॉनमधला हा फरक स्वतः मोजला आहे. सर्नच्या खुल्या डेटात एलएचसीबीने २०११ मधला थोडा भाग विद्यार्थ्यांसाठी ठेवलाय, बी मेसॉन तीन केऑनमध्ये मोडतो तो. पावसात वीज जाते म्हणून डेटा रात्री उतरवून घेतला. केऑन वाटणारे कण निवडायचे, म्यूऑन वगळायचे, तिघांच्या संवेगांवरून मूळ कणाचं वस्तुमान काढायचं. आलेख काढल्यावर ५२८० एमईव्हीला टेकडी उभी राहिली. ती माझ्या लॅपटॉपवर उभी राहिली तेव्हा मी आईला हाक मारली.

मग धन आणि ऋण बी वेगळे मोजले. सारखे नाहीत. आणि डालित्झ आलेखाचे (तीन कणांत ऊर्जा कशी वाटली गेली ते दाखवणारा आलेख) तुकडे पाडून पाहिलं तर काही भागांत फरक खूपच मोठा आहे. तिथे दोन वाटांचे ॲम्प्लिट्यूड एकमेकांत मिसळतात, असं वाचलंय, पण नेमकं कोणत्या भागात कोणती वाट जास्त, हे मला अजून लावता येत नाहीये. मालवणच्या ताईंनी वेळ काढून सांगितलं तर माझा आलेख पाठवतो. आमच्या वर्गातले आणखी तिघं हेच करायला बसलेत.

मालवण

पाठव. वस्तुमानाची खिडकी किती ठेवलीस आणि पार्श्वभूमी कशी वजा केलीस, तेही लिही. प्रोटॉन-प्रोटॉन टकरीत दोन्ही बी मुळात सारख्या संख्येने जन्मत नाहीत, ती दुरुस्ती आधी करू आणि मग वाटांकडे वळू.