सल्ला हवा: ऊसतोडीच्या भागात शॉर्ट फिल्म फेस्टिवल आणायचाय

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो, रासेयोचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) कामही माझ्याकडेच आहे. जानेवारीत आमचं सात दिवसांचं शिबिर दत्तक गावात असतं, त्यातले दोन दिवस गावाला शॉर्ट फिल्म दाखवाव्यात असं मनात आहे, विषय म्हणजे बालविवाह, मुलींचं शिक्षण, घरातली मारहाण, बायांचं आरोग्य. मागच्या वर्षी मीच यूट्यूबवरून अकरा फिल्म उतरवून सलग लावल्या होत्या, तिसरीनंतर पोरं उठून गेली आणि बाया तर आल्याच नाहीत, फार वाईट वाटलं. शहरात असे फिरते महोत्सव येतात म्हणे, ते आमच्याकडे येतील का? कुणाला विचारायचं? अनुभव असेल त्यांनी जरूर लिहा.

समुद्रपक्षी
सर, तुमच्या विषयांना सगळ्यात जवळचा म्हणजे 'समभाव'. मुंबईची 'मावा' ही संस्था तो फिरता महोत्सव करते, हे लोक 1993 पासून बायांवरच्या हिंसेबद्दल पुरुषांशी आणि तरुण पोरांशी बोलायचं काम करतायत, 'पुरुष स्पंदन' नावाचा दिवाळी अंकही काढतात. महोत्सवात स्त्री-पुरुष समता, लैंगिकता अशा विषयांवरच्या फिल्म असतात आणि नंतर चर्चा असते, मला तर ती चर्चाच फिल्मपेक्षा जास्त लक्षात राहिली. त्यांना लिहा, पण पहिल्याच पत्रात सांगा की प्रेक्षक खेड्यातले आहेत आणि इंग्रजी सबटायटल चालणार नाहीत. पाणी, शेती, पर्यावरण असं काही हवं असेल तर पुण्याचा किर्लोस्कर वसुंधरा महोत्सव आहे, तोही पुण्याबाहेर जातो.

पडद्यामागे
मी प्रोजेक्शनचं काम करतो म्हणून थोडं कामाचं सांगतो. यूट्यूबवर फिल्म फुकट दिसते म्हणजे ती गावात पडदा लावून दाखवायची परवानगी मिळाली असं होत नाही. दिग्दर्शकाला मेल करा, गावात फुकट दाखवणार आहोत म्हटलं की बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात आणि चांगली फाइलही पाठवतात. सेन्सॉरचं सर्टिफिकेट आहे का तेही विचारून घ्या, नसेल तर महोत्सवांना माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते, फिरत्या महोत्सवासोबत गेलात तर ते आधीच विचारून ठेवा.
आता सबटायटल. मराठी एसआरटी फाइल युटीएफ-8 मध्येच सेव्ह करा नाहीतर पडद्यावर नुसते चौकोन येतात, आणि आदल्या रात्री त्याच लॅपटॉपवर पूर्ण फिल्म एकदा बघा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एखादी मुलगी माइकवर बसवून वाक्यं वाचून घ्या, आम्ही एकदा केलं होतं, म्हाताऱ्या बाया शेवटपर्यंत हलल्या नाहीत. दिवसा शाळेच्या हॉलमध्ये लावणार असाल तर खिडक्या नीट झाका, उजेडात चांगला प्रोजेक्टरही फिका पडतो.

कोयत्याची_लेक
सर, एक विचारू? जानेवारीत तुमच्या गावात असतं कोण?
माझे आईवडील वीस वर्षं तोडीला गेले. दसरा झाला की मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, गाडी यायची आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच घरी. जानेवारीत वस्तीवर म्हातारी माणसं, त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडं आणि बंद कुलपं, एवढंच. बालविवाहाची फिल्म ज्यांनी बघायला पाहिजे ते तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडे कोप्यात, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांत असतात. तुमच्या बाया आल्या नाहीत त्याचं एक कारण हेच असेल.
आणि लग्न का लावतात तेही फिल्म निवडताना बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मिळते ती कोयत्यावर. पोरगी वयात आली की तिला एकटी मागे ठेवायची भीती, सोबत न्यायची त्याहून भीती, म्हणून लग्न उरकतात. 'अडाणी आईबाप' दाखवणारी फिल्म लावलीत तर माझी आई पदर सावरून उठून जाईल, आणि मी तिला अडवणार नाही.

गोदाकाठ
ताई, दोनदा वाचलं तुमचं. शिबिराची तारीख विद्यापीठाच्या वेळापत्रकाने ठरते म्हणून आम्हीही जानेवारी धरून चालतो, हा विचार मी केलाच नव्हता. मग कधी करू?

कोयत्याची_लेक
पोळ्यानंतर, दसऱ्याच्या आत. तेव्हा सगळे घरी असतात, उचलीची बोलणी चालू असतात आणि पोरीचं काय करायचं हेही त्याच दिवसांत ठरतं. वेळ दुपारी दोन ते चार, बायांना तेवढीच सवड असते. निरोप बचत गटातून आणि आशाताईकडून द्या, फ्लेक्स लावून कुणी येत नाही.

पंचगंगा
मी कारखान्यांच्या भागात तोडकऱ्यांच्या मुलांसोबत काम करते. फेस्टिवल फिरताच आहे तर हंगामात तो इकडे अड्ड्यावर, तोडकऱ्यांच्या कोप्या असतात तिथे, आणा की. जत्रेला तंबू टॉकीज माणसांमागे जायचीच, पुसेगावच्या यात्रेत कितीतरी लोकांनी आयुष्यातला पहिला सिनेमा बघितलाय. फक्त इथली माणसं पहाटे अंधारात फडात जातात, रात्री गाडी भरायला कधीही उठावं लागतं, त्यामुळे आठच्या आत आणि एकूण पाऊण तासात संपवा. दोन फिल्म पुरे. वीज धरून चालू नका, जनरेटर लागेल. मुकादमाला आधी भेटा, नाहीतर तो माणसांना येऊच देत नाही.

चौथी_घंटा
फिल्म कमी ठेवा याला माझंही मत. गोरखपूरला 2006 मध्ये 'प्रतिरोध का सिनेमा' हा महोत्सव सुरू झाला तो कुठल्याही कंपनीचा पैसा न घेता, लोकांच्या वर्गणीवर, आणि मग गावोगावी गेला. आम्ही आमच्या गावात तसंच केलं, घरटी जमेल तेवढे पैसे आणि येणाऱ्या पाहुण्यांचं जेवण गावाकडे. गावाने पैसे घातले की गाव बघायलाही येतं.
चर्चेत मात्र पहिला माइक सरपंचाला देऊ नका. एकदा त्यांचं भाषण झालं की बाया बोलत नाहीत. चर्चेला एखादी बाईच उभी करा, आणि तिनेही 'तुम्हाला काय शिकायला मिळालं' असं न विचारता 'यातली कुठली बाई ओळखीची वाटली' असं विचारावं.

समुद्रपक्षी
एक राहिलं. फिल्म बघून एखादी मुलगी उठून म्हणाली की माझंच लग्न ठरलंय, तर काय करणार हे आधी ठरवून ठेवा. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात), त्यांना आधीच विश्वासात घ्या. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर पडद्यावर मोठ्या अक्षरात दाखवा, पण मुलीचं नाव माइकवर येऊ देऊ नका, तिला त्याच रात्री घरी जायचं असतं.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. प्राचार्यांशी बोललो. दसऱ्याच्या आधी गावात दुपारी तीन फिल्म आणि चर्चा, मग जानेवारीत शिबिरातली दहा पोरं-पोरी घेऊन एक संध्याकाळ पंचगंगा ताईंच्या अड्ड्यावर. 'मावा'ला आज पत्र टाकतो. कोयत्याची लेक, फिल्म ठरवायच्या आधी तुम्हाला आणि तुमच्या आईंना दाखवल्या तर चालेल का?

कोयत्याची_लेक
आईला विचारलं. म्हणाली, सबटायटल वाचून दाखवायला तू बसणार असशील तर बघते.