बर्लिनमध्ये एक सत्र: आता पाठवावे की पूर्ण पदवीसाठी थांबावे?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी पुण्यात राज्यशास्त्रात एम.ए. करत आहे आणि तिचे पहिले वर्ष संपत आले आहे. तिच्या विभागाचा बर्लिनच्या फ्राय विद्यापीठाशी विद्यार्थी देवाणघेवाणीचा करार असून एका सत्रासाठी तिची निवड झाली आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ती तिथे शिकेल आणि परत येऊन इथली पदवी पूर्ण करेल. आम्ही साताऱ्याचे, आणि आमच्या घरातून परदेशी शिकायला जाणारी ती पहिलीच. तिच्या वडिलांचे म्हणणे असे, की चार-पाच महिन्यांसाठी एवढा पैसा घालण्यापेक्षा एम.ए. झाल्यावर दोन वर्षांची पूर्ण पदवीच तिकडे करावी. मुलीला मात्र हाती आलेली संधी सोडवत नाही.

बर्लिनमध्ये शुल्क लागत नाही असे सगळे सांगतात, मग खर्च नेमका कशाचा होतो? तिथे केलेला अभ्यास इथल्या गुणपत्रिकेत खरोखर धरला जातो का? तिचे जर्मन ए-२ पर्यंत, म्हणजे भाषेच्या सहा पायऱ्यांपैकी दुसरीपर्यंत झाले आहे, ते पुरेल का? ज्यांनी स्वतः हे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

शिशिरसत्र

ताई, मी काही वर्षांपूर्वी अशाच कराराखाली बर्लिनला एक सत्र शिकून आले, म्हणून आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण माझे स्वतःचे नुकसान तिथेच झाले.

जर्मनीतील हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असते आणि तासिका साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात. आपल्याकडे तिसरे सत्र जून-जुलैत सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरात परीक्षेने संपते आणि जानेवारीच्या सुमारास चौथे सत्र उघडते. म्हणजे तुमची मुलगी इथल्या तिसऱ्या सत्राच्या परीक्षेला नसेल आणि चौथ्या सत्राचे पहिले काही आठवडेही तिचे बुडतील. बर्लिनचे सत्र हेच तिचे तिसरे सत्र मानले जाईल, असे विभागप्रमुख आणि विद्यापीठाचा परीक्षा विभाग या दोघांकडून लेखी घेतल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नका. विभागप्रमुखांचा तोंडी होकार मनापासूनचा असतो, पण गुणपत्रिका ते छापत नाहीत.

त्याहून नाजूक गोष्ट मूल्यमापनाची आहे. युरोपात एका सत्राचे ३० ईसीटीएस, म्हणजे तिकडच्या सामाईक पद्धतीचे, श्रेयांक धरतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचा अभ्यास अपेक्षित असतो. सामाजिक शास्त्रांमध्ये पुष्कळदा शेवटी लेखी परीक्षा नसते. पंधरा-वीस पानांचा निबंध लिहून द्यायचा असतो. त्याला तिकडे हाउसआर्बाइट म्हणतात. तो तासिका संपल्यानंतर, कित्येकदा मार्चअखेरपर्यंत द्यायचा असतो, प्राध्यापक सावकाश तपासतात, आणि गुणांचा दाखला हाती पडेपर्यंत मे महिनाही उजाडू शकतो. शिवाय काही अभ्यासक्रमांत निबंध न लिहिता केवळ नियमित हजेरी आणि सक्रिय सहभाग यांवरही श्रेयांक मिळतात, पण त्यांना श्रेणी नसते. मी असे दोन विषय आनंदाने घेतले. परत आल्यावर माझ्या इथल्या विद्यापीठाने सांगितले की गुण नसलेला विषय त्यांच्या नमुन्यात बसत नाही, आणि मला ते दोन्ही पेपर पुढच्या उन्हाळ्यात बाहेरून द्यावे लागले. वर्ष वाया गेले नाही, पण निकाल चार महिने अडकला आणि ज्या नोकरीसाठी मी मुलाखत दिली होती ती त्यात गेली.

म्हणून तिने प्रत्येक विषय श्रेणीसहितच घ्यावा. जाण्यापूर्वी लर्निंग ॲग्रीमेंटवर, म्हणजे कोणत्या विषयाच्या बदल्यात इथला कोणता विषय धरला जाईल या कागदावर, तिच्यासह दोन्ही विद्यापीठांच्या सह्या असाव्यात. तिकडे १.० ही सर्वोत्तम श्रेणी, ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे नापास. हा उलटा क्रम इथल्या गुणांत कसा उतरवणार, तेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.

हे सगळे सांभाळून पाठवा, पण पाठवा. पहिल्याच दिवशी मी दहाच्या तासाला दहाला पाच कमी असताना पोहोचले तर वर्ग रिकामा होता. वेळापत्रकात ‘सी.टी.’ लिहिलेले असले की तास सव्वादहाला सुरू होतो आणि ‘एस.टी.’ असेल तर ठोक्याला, हे मला शेजारी येऊन बसलेल्या मुलीने सांगितले. तास संपल्यावर टाळ्या न वाजवता सगळ्यांनी बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक केली, आणि पुढच्या आठवड्यात मी माझे टिपण वाचल्यावर तीच टकटक माझ्यासाठी झाली. त्या वर्गात प्राध्यापकांचे म्हणणे खोडून काढणे हा अभ्यासाचाच भाग होता. पुण्यात पाच वर्षे शिकूनही मी वर्गात कधी हात वर केला नव्हता.

वऱ्हाडकर बाबा

मी पालक म्हणून लिहितो. माझा मुलगा बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात एम.एस. करतो, म्हणजे तुमच्या यजमानांनी सुचवलेल्या वाटेने तो गेला आहे.

बर्लिनच्या सार्वजनिक विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही हे खरे आहे. सत्रामागे भरावी लागणारी रक्कम तीनशे युरोंच्या पुढे जाते, पण तिच्यातच देशभराच्या स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांचा पास येतो. एक सावधगिरी मात्र बाळगा. त्याच फ्राय विद्यापीठात बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी सशुल्क सत्रे आणि उन्हाळी वर्गही चालतात आणि त्यांचे शुल्क हजारो युरो असू शकते. मुलीची निवड कराराखालच्या देवाणघेवाणीतच झाली आहे, हे निवडपत्रात स्पष्ट लिहिलेले असावे.

खरा खर्च राहण्या-जेवण्याचा. व्हिसासाठी महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो हाताशी असल्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि तो बहुधा ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे दरमहा ठरलेलीच रक्कम काढता येणाऱ्या खात्यातून, दिला जातो. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा लागू आहे. सहा महिन्यांचे ५,९५२ युरो होतात. युरो शंभर रुपयांच्या घरात धरला तर सहा लाखांच्या आसपास रक्कम, वर विमानभाडे. पैसे तिच्याच नावावर असतात आणि दरमहा तिलाच मिळतात. सक्तीच्या आरोग्यविम्याचे महिन्याला १४०-१५० युरो त्यातूनच जातात. करार युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस योजनेतला असेल तर मासिक विद्यावृत्ती आणि प्रवासखर्चही मिळतो, तेव्हा ते आधी विचारा.

खोली मिळणे सर्वांत अवघड. विद्यार्थी वसतिगृहांसाठी निवडपत्र येताच त्याच दिवशी अर्ज करावा. माझ्या मुलाने पहिल्या महिन्यात एका जाहिरातीवर विसंबून, खोली न पाहता, चावी कुरिअरने पाठवतो म्हणणाऱ्या माणसाला ८०० युरो अनामत पाठवली. चावी कधीच आली नाही. खोली ताब्यात आल्यावर चौदा दिवसांच्या आत पत्त्याची नोंदणी करायची असते आणि तिला, तुम्ही तिथे राहायला आल्याचा, घरमालकाचा लेखी दाखला लागतो. तो द्यायला जो नकार देतो त्याच्याकडे राहू नये.

पूर्ण पदवीचा फायदा असा, की नंतर नोकरी शोधण्यासाठी अठरा महिने राहता येते आणि शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते. पण माझा मुलगाच म्हणतो, की एक सत्र आधी राहून पाहिले असते तर विषय वेगळा निवडला असता.

कृष्णाकाठ

आपणा दोघांचे मनापासून आभार. गुण नसलेल्या विषयांची गोष्ट आम्हाला कोणीच सांगितली नव्हती. आज मुलीने विभागात विचारले तेव्हा कळले, की करार इरॅस्मस प्लसचाच आहे, परंतु परीक्षा विभागाचे पत्र अजून कोणी मागितलेलेच नाही. ते येत्या सोमवारी मागत आहोत. भाषेबद्दल कोणी लिहील का?

उपशिक्षिका

मी पुण्यात जर्मन शिकवते. राज्यशास्त्राच्या एम.ए. स्तरावर इंग्रजीतून चालणारे परिसंवाद मिळतात, म्हणून ए-२ वर जाता येईल. परंतु विषयांची निवड त्यामुळे अरुंद होते, आणि जिथे जर्मन मुले खरोखर भांडतात, ते वर्ग बहुतेक जर्मनमधून असतात. ऑक्टोबरपर्यंत हातात असलेल्या महिन्यांत बी-१ गाठणे शक्य आहे; रानडे इन्स्टिट्यूट किंवा मॅक्स म्युलर भवन, दोन्हीकडे वर्ग चालतात. निबंध इंग्रजीत लिहिण्याची परवानगी मात्र पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांकडून घ्यावी.

ताई, तुमची मुलगी राज्यशास्त्राची आहे म्हणून एक सांगावेसे वाटते. दालेम भागात, भुयारी रेल्वेच्या यू-३ मार्गावर, फ्राय विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग आहे, आणि त्याची एक इमारत इनेश्ट्रासे २२ या पत्त्यावर आहे. १९२७ साली याच इमारतीत कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था सुरू झाली. पुढच्याच वर्षी महर्षी कर्व्यांच्या सूनबाई इरावती कर्वे बर्लिनला आल्या आणि याच संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवटीच्या असममितीवर, म्हणजे तिच्या डाव्या-उजव्या बाजूंतील फरकावर, त्यांनी पीएच.डी.चे काम केले. या असममितीत वंशावंशांत फरक दिसेल अशी त्यांच्या मार्गदर्शकाची धारणा होती. इरावतीबाईंनी मोजमापे घेतली आणि तसा संबंध आढळत नाही असे प्रबंधात लिहिले. नाझी राजवटीत त्या संस्थेने वंशश्रेष्ठत्वाला शास्त्राचा मुलामा दिला, आणि आज त्या इमारतीच्या दारापाशी त्या इतिहासाचा फलक आहे.

माझ्या विद्यार्थिनी तिकडे निघाल्या की मी त्यांना तो पत्ता वहीत लिहून देते. तुमच्या मुलीलाही द्यावा. नोव्हेंबरात चार वाजताच अंधारून येते, म्हणून दुपारी लवकर जायला सांगा.