माळशेज सायकलने चढून नाणेघाट पायी उतरायचा असल्यास सायकलचे काय करावे?

डोंबिवलीकर:
नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षे मी सुटीच्या दिवशी पहाटे सायकलने मुरबाडला आणि क्वचित टोकावड्यापर्यंत जाऊन परत येतो. समोर सह्याद्रीची भिंत दिसत असताना दर वेळी तिच्या पायथ्यावरून मागे फिरणे आता जिवावर येऊ लागले आहे. येत्या डिसेंबरात तीन दिवस मोकळे मिळणार आहेत, म्हणून असा बेत आखला आहे: पहिल्या दिवशी माळशेज घाट चढून गणेश खिंडीतून जुन्नर गाठायचे, दुसऱ्या दिवशी आपटाळे आणि चावंडच्या पायथ्यावरून घाटघरला मुक्कामी जायचे आणि तिसऱ्या दिवशी सायकल खांद्यावर घेऊन नाणेघाट उतरून वैशाखऱ्याजवळ पुन्हा त्याच हमरस्त्याला लागायचे. नकाशावर हे वर्तुळ फार सुबक दिसते. माझी सायकल साधी हायब्रिड असून तिचे वजन साडेतेरा किलो आहे; पुढची सर्वांत लहान चकती २८ दात्यांची आणि मागची सर्वांत मोठी चकतीही २८ दात्यांचीच आहे. नाणेघाटातून कोणी सायकल उतरवली आहे का, आणि एवढ्या गिअरवर माळशेज निभावेल का, हे जाणकारांनी सांगावे.

तेलकट हात:
मी उतरवली आहे आणि पुन्हा कधीही उतरवणार नाही.

माथ्यावरच्या चिंचोळ्या खिंडीतून खाली पाहिले की वाट चांगली दगडी, रुंद आणि बांधीव वाटते, त्यामुळे माणूस फसतो. सायकलचा आडवा दांडा उजव्या खांद्यावर घेतला की पुढचे चाक सतत डावीकडे वळते आणि तुमच्या डोळ्यांपुढे येते, म्हणजे पाऊल टाकायची पायरी नेमकी दिसत नाही. शिवाय दगडांच्या कडा शतकानुशतकांच्या वर्दळीने गुळगुळीत झालेल्या आहेत. मी क्लीट (पॅडलमध्ये अडकणारी तळाची धातूची पट्टी) लावलेले सायकलचे बूट घालून गेलो होतो, हा तर शुद्ध मूर्खपणा होता, कारण कातळावर ती धातूची पट्टी काचेवर घसरावी तशी घसरते. अर्ध्या वाटेवर मी बसकण मारली आणि सायकल मागच्या गिअरच्या बाजूने दगडावर आपटली. डिरेल्यूर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, ज्या छोट्या पट्टीवर बसवलेला असतो ती वाकली, आणि खाली पोचल्यावर चेन मोठ्या चकतीवर चढवली की ती सरळ आऱ्यांत जात होती. तिथून कल्याणपर्यंत एकाच गिअरवर आलो. सायकलचे वजन हा प्रश्नच नाही. साडेतेरा किलोंची पाठपिशवी घेऊन तुम्ही सहज उतराल. पाठपिशवी मात्र झाडीत अडकत नाही आणि वळणावर कातळाला टेकून तुम्हाला दरीच्या बाजूला ढकलत नाही.

कातळखूण:
वरच्या प्रतिसादात दोष वाटेचा नाही, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. नाणेघाट चाकासाठी बांधलेलाच नव्हता. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडे आणि पुढे पैठणकडे जाणारा माल माणसांच्या डोक्यावरून आणि जनावरांच्या पाठीवरून चढत असे. लादलेल्या बैलाला चढ उभा असला तरी चालतो, फक्त खूर टेकायला जागा हवी. म्हणून जुन्या घाटवाटा वळसे टाळून डोंगराची सोंड धरतात किंवा सरळ नाळेत, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीत, शिरतात आणि जिथे कातळ आडवा येतो तिथे पायऱ्या खोदतात. गाडीरस्त्याचा विचार याच्या नेमका उलट असतो. चढ सौम्य ठेवायचा म्हटले की लांबी वाढवावीच लागते, आणि म्हणूनच १८३० मध्ये गव्हर्नर माल्कम यांच्या काळात बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, ही देश आणि कोकण यांच्यातल्या दळणवळणात मोठी घटना ठरली. पुढे रेल्वेला तर त्याहून सौम्य चढ लागला. १८६३ मध्ये पूर्ण झालेल्या बोरघाटातल्या लोहमार्गाचा सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरला एक मीटर एवढाच आहे.

माथ्याजवळच्या लेण्यासाठी मात्र हातात वेळ ठेवून जा. भिंतींवरचा ब्राह्मी लेख सातवाहन राणी नागनिकेचा मानला जातो. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्या वेळी दिलेल्या गाई, हत्ती आणि कार्षापण या प्राचीन नाण्यांची मोजदाद आहे. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी काही याच दानांच्या आकड्यांत सापडतात. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका यांच्या प्रतिमा होत्या, त्यांपैकी आता जवळपास पावलांच्या खुणाच उरल्या आहेत, वरची नावे मात्र राहिली. खिंडीच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे परंपरेने सांगितले जाते. खांद्यावर सायकल घेऊन घाईने उतरणारा माणूस यातले काहीही पाहणार नाही, ही माझी खरी हरकत आहे.

ओतूरकर:
मी माळशेजच्या माथ्याकडच्या बाजूला राहते आणि हा घाट सायकलने अनेकदा चढले-उतरले आहे, म्हणून फक्त रस्त्याबद्दल लिहिते.

तुमचा गिअर पुरेल. २८ला २८ म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा, साधारण २.१५ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी पावणेआठ किलोमीटरच्या आसपास पडतो. डोंगरी रस्त्यांची आखणी आपल्याकडे साधारण ५ ते ६ टक्के चढ धरून करतात, म्हणजे ५०० मीटर उंची गाठायला ६ टक्क्यांनी सव्वाआठ किलोमीटर रस्ता लागतो. या हिशेबाने तासाभराहून थोडा अधिक वेळ सलग चढायची तयारी हवी. ज्याला मुरबाडपर्यंत जाऊन परत येणे जमते त्याला हेही जमते, मात्र पहिल्या दोन वळणांत जोर लावू नये. श्वास लागून बोलता येईनासे झाले की समजावे, वेग जास्त झाला.

चिंता चढाची नसून वाहनांची आहे. हा कल्याण-अहिल्यानगर महामार्ग आहे आणि भाजीपाल्याचे टेम्पो इथे रात्रंदिवस धावत असतात. सूर्योदयाला पायथ्याशी असाल तर सकाळचा घाट शांत मिळतो, आणि कड्याची सावली असल्याने उन्हाचा त्रासही उशिरा सुरू होतो. बोगद्यात शिरण्यापूर्वी मागचा लाल दिवा लावा, कारण उजेडातून आलेल्या चालकाला आत क्षणभर काहीच दिसत नाही. डिसेंबर निवडलात हे फार चांगले केले. पावसाळ्यात इथे धबधबे थेट रस्त्यावर पडतात, धुक्यात दहा पावलांपुढचे दिसत नाही आणि दरडी कोसळतात. त्या दिवसांत सायकलवाल्याने या घाटात येऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. छायाचित्रे पाहून येणारे नेमके तेव्हाच येतात, हे वेगळे.

आणखी एक. डोंबिवली ते जुन्नर एका दिवसात म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर, आणि त्यात घाट दुपारच्या उन्हात येणार. तो दिवस मोडून घ्या.

डोंबिवलीकर:
सर्वांचे मनापासून आभार. तेलकट हात, तुमचा अनुभव वाचून सायकल खांद्यावर घेण्याचा विचार सोडून दिला आहे. ताई, पहिला दिवस मोडून घेण्याचा सल्ला पटला. पण मग सायकल वर आणि मी खाली, हा पेच उरतोच. घाटघरहून ती टेम्पोत घालून वैशाखऱ्याला पाठवता येईल का? की माळशेजच सायकलने परत उतरावा आणि नाणेघाट सोडून द्यावा?

ओतूरकर:
टेम्पोला संपूर्ण माळशेजचा वळसा पडेल, एका सायकलसाठी तेवढे भाडे कशाला द्यायचे? आणि माळशेज उतरणार असाल तर रिमवर घासणाऱ्या ब्रेकने सलग दाबून उतरू नका; वळणाआधी जोरात दाबून वेग मोडायचा, मग सोडून द्यायचा, म्हणजे रिमला थंड व्हायला वेळ मिळतो. पण नाणेघाट सोडू नका.

तेलकट हात:
वर्तुळाचा हट्ट सोडलात तर पेच उरत नाही. पहिल्या दिवशी घरून निघून दुपारपर्यंत वैशाखऱ्याच्या परिसरात पोचा, कोणाच्या तरी अंगणात विचारून सायकल कुलूपबंद ठेवा आणि तिथेच मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी उजाडताच साधे बूट घालून, तीन लिटर पाणी घेऊन नाणेघाट पायी चढा. सुरुवातीला जंगलातली सपाट वाट, मग खरा चढ; रमतगमत तीन तास धरा. लेणे पाहा, नानाचा अंगठा या माथ्यावरच्या कड्यावर जाऊन या, समोर जीवधन किल्ला आणि त्याला खेटून उभा असलेला वानरलिंगीचा सुळका पाहा, आणि दुपार टळायच्या आत त्याच वाटेने खाली या. उतरताना गुडघ्यांवर ताण येतो, म्हणून काठी सोबत असू द्या. तिसऱ्या दिवशी पहाटे माळशेज चढा आणि माथ्यावर चहा पिऊन तोच घाट उतरून घरी जा. जुन्नर आणि चावंड पुढच्या सुटीला.

कातळखूण:
या बेतात मी एवढीच भर घालीन, की लेण्यात सकाळचा उजेड पुरेसा पडेलच असे नाही, तेव्हा विजेरी घेऊन जा. ती भिंतीवर समोरून न मारता बाजूने तिरकी धरली, तर झिजलेली अक्षरेसुद्धा सावलीने उठून दिसतात.

डोंबिवलीकर:
तर असे ठरले. सायकलचा पुढचा दिवा सुटा काढता येतो, तोच लेण्यात नेईन.