आईचे दागिने: मृत्युपत्र नाही, लॉकरचा नॉमिनी भाऊ. वाटणी कशी करावी?

चाफेकळी: नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आईने मृत्युपत्र केलं नव्हतं. मागे बाबा, भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी. लॉकर तिच्या एकटीच्या नावावर, नॉमिनी भाऊ. तिच्या हातची जुनी यादी आहे: गोठ ५ तोळे, पाटल्या ४, बोरमाळ ३. मावशी म्हणते, आईचं सोनं मुलींचंच. भांडण नाही, होऊही द्यायचं नाही. सुरुवात कुठून करू?

दस्तऐवज: मावशींनी सांगितली ती रीत, कायदा नव्हे. हिंदू वारसा कायदा १९५६, कलम १५ प्रमाणे मुलगे, मुली आणि नवरा यांचा हिस्सा सारखा, म्हणजे तुम्हा चौघांना पाव-पाव. बाबांना धरायचं लोक हमखास विसरतात. त्यांना नको असेल तर तसं लेखी घ्या.

नॉमिनी मालक नसतो, तो बँकेकडून फक्त ताबा घेतो. मृत्यूचा दाखला, भावाची ओळखपत्रं, किल्ली आणि बँकेचा अर्ज लागेल. दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर यादी होते. त्या दिवशी चौघेही जा आणि प्रत मागून घ्या. बँक बहुधा 'पिवळ्या धातूच्या बांगड्या, नग ४' एवढंच लिहिते, वजन नाही. सक्सेशन सर्टिफिकेटच्या (कोर्टाच्या वारस प्रमाणपत्राच्या) मागे लागू नका. ते येणी आणि रोख्यांसाठी असतं.

गुंजभर: खरा घोळ त्या यादीत आहे. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, हल्ली बोलण्यात १० चा. तुमचे १२ तोळे एका हिशेबाने १४० ग्रॅम, दुसऱ्याने १२०. वीस ग्रॅम कमी भरले की संशय लॉकर उघडणाऱ्या भावावर! यादी ओळखीपुरती ठेवा, वाटणी नव्या वजनावरच करा.

त्यातही बोरमाळेचे मणी म्हणजे लाखेवर पातळ पत्रा. जुन्या गोठांतही लाख असते. काट्यावर दिसतं ते ढोबळ वजन, निव्वळ सोनं लाख काढल्याशिवाय कळत नाही. मशीनचा टंचही (शुद्धतेचा आकडा) वरच्या थराचा असतो आणि सांध्याजवळ कमी येतो. त्यामुळे भरीव डाग (दागिने) आधी वाटा. लाखेचे ज्याला हौसेने हवेत त्याने सर्वांना पटेल त्या किमतीला घ्यावेत, नाहीतर चौघांसमोर मोडावेत. भाव एकाच दिवसाचा धरा, मजुरी धरू नका.

चाफेकळी: धन्यवाद! धाकटीला तिचा हिस्सा विकायचा आहे. कर लागेल का? आणि ५०० ग्रॅमची मर्यादा म्हणतात ती?

दस्तऐवज: वारशाने मिळाल्यावर कर नाही, विकल्यावर भांडवली नफ्यावर आहे. खरेदीची तारीख आणि किंमत आईचीच धरतात. खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव घेता येतो. नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला मोडण्याआधीच घ्या, नंतर तो काय बघणार? २४ महिन्यांहून जुन्या सोन्यावर १२.५ टक्के, २३ जुलै २०२४ पासून इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं) गेलं. जुनं देऊन नवं घेतलं तरी ती विक्रीच. पैसे बँकेतूनच घ्या.

५०० ग्रॅम ही बाळगायची मर्यादा नाही. प्राप्तिकराच्या झडतीत विवाहितेचं तेवढं सोनं जप्त करू नये, अशी १९९४ ची सूचना आहे. कागद असतील तर जास्तही चालतं.

म्हणून वाटणीपत्र कराच. प्रत्येक डागाचा काट्यावरचा फोटो, ढोबळ आणि कळलं असेल तिथे निव्वळ वजन, कोणाकडे गेला ते, चौघांच्या सह्या, दोन साक्षीदार. फक्त दागिने असतील तर नोंदणीची सक्ती नाही. देवघरातले चांदीचे टाकही त्यातच लिहा. वाद बहुतेकदा त्यांच्यावरूनच होतात.